चिल्ल्यातल्या वीस कोंबड्या

ताश्कंद, १२ मे १९९९

बाबा,

सलाम. मी, दावरोन आणि मुलं सुखरूप पोचलो. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आपण होऊन कळवते.

आईच्या वर्षाच्या जेवणाला साऱ्या गावासमोर तुमची-माझी जी जुंपली ती मी विसरलेली नाही, आणि तुम्हीही विसरल्याचं सोंग आणू नका. ठरलं ते कागदावर मांडते, म्हणजे नंतर 'मी कुठं असं म्हणालो' हे ऐकायला नको. आई गेल्यावर तिच्या सगळ्या कोंबड्या एका उन्हाळ्यात तुमच्या हातून गेल्या. शेवटची मेली हे तुम्हाला वास सुटल्यावर कळलं. मी म्हणाले, ज्याला कोंबडी जगवता येत नाही तो एकटा स्वतःला काय जगवणार, ताश्कंदला चला. तुम्ही म्हणालात, आण वीस कोंबड्या, चिल्ला काढून दाखवतो. शेजारच्या उगुलोय आपा साक्षीला आहेत. तर शर्त अशी: चिल्ल्याचे ते चाळीस भाजके दिवस संपले की मी येऊन कोंबड्या मोजणार. निम्म्याहून जास्त जिवंत असल्या तर तुम्ही तुमच्या घरात राहा, मी पुन्हा ताश्कंदचं नाव काढणार नाही. नसल्या तर घराला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे.

आता नीट वाचा. माझा जन्म प्रयोगशाळेत कोंबड्यांचं रक्त तपासण्यात चालला आहे, तेव्हा एवढं तरी ऐका. आपल्याकडच्या उन्हात अंगाने हलकी, मोठ्या तुऱ्याची, कमी पिसांची कोंबडी घ्यायची. कोंबडीला घाम येत नाही. तिची उष्णता तुऱ्यातून आणि पायांतून निघते. गुबगुबीत, भरघोस पिसांची कोंबडी बाजारात कितीही देखणी दिसली तरी तिला हात लावू नका. रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर तारेची जाळी, पाण्यासाठी पत्र्याची उथळ तबकं, शिंपल्यांचा चुरा आणि गोणपाट पाठवते आहे. खुराडं तुतीच्या झाडाखाली करा, तिन्ही बाजूंना जाळी, मागे भिंत. दुपारी दाणे घालू नका. गोणपाट ओलं करून जाळीवर टाका.

टोपी घातल्याशिवाय उन्हात जाऊ नका. हे कोंबड्यांसाठी नाही.

सनोबर

*

ओक्कमार, शेरोबोद, २४ मे

सनोबर,

तुझं पत्र वाचायला चहाच्या दोन किटल्या लागल्या. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तू चौथ्या मजल्यावरून हाकतेस. तीस वर्षं मी मिराब होतो. कालव्याचं पाणी वाटलं, फावडी उगारून आलेल्या माणसांना चहा पाजून परत पाठवलं. माझ्या पाण्यावर कापूस पिकला, खरबुजं पिकली, आणि वीस कोंबड्या जगवायला मला चिठ्ठी हवी?

सामान पोचलं. जाळी उत्तम आहे. द्राक्षांच्या मांडवावर टाकली, चिमण्या नुसत्या बाहेरून शिव्या देतात. तबकांत जर्दाळू वाळत घातले आहेत.

आणि कोंबड्या घेतल्या. शेरोबोदच्या बाजारात एक तुर्कमेन म्हातारा घेऊन बसला होता. काय सांगू तुला! अंग सोनेरी, मान अशी ताठ की जुना बेग सरदार जसा, आणि पायांना थेट नखांपर्यंत पिसं. बूट घालून दरबाराला निघाल्यासारख्या चालतात. एक उचलून मांडीवर घेतली तर मांडी भरली. म्हातारा म्हणाला, ही जात थोरामोठ्यांच्या अंगणातली. मी म्हटलं, मग माझ्याच अंगणातली. दहा घेतल्या. गाव बघायला येतंय.

उन्हात टोपी घालतो. जन्मल्यापासून घालतो.

तुझा बाप

*

ताश्कंद, २ जून

बाबा,

पत्र वाचून कपाळाला हात लावला तो अजून काढलेला नाही. दावरोन विचारतो, काय झालं? म्हटलं, बाबांनी कोंबड्यांना बूट घेतले.

पालथ्या घड्यावर पाणी! गुबगुबीत नको म्हणून लिहिलं, तर तुम्ही मांडी भरेल अशी घेतली. पिसं कमी म्हटलं, तर पायांनासुद्धा पिसं असलेली शोधून काढली. ती जात थंड मुलखातली आहे. तुमच्याकडे दुपारी भिंतीला हात लावता येत नाही, तिथं ती कोट घालून, बूट घालून उभी राहणार! त्या तुर्कमेनाला त्या खपवायच्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या निम्म्या मेल्या असणार, मी पैज लावते. नको, पैजा पुरे झाल्या.

ज्याला पाहिजे त्याला त्या देऊन टाका. आमच्याकडून बोडक्या मानेच्या आठ पाठवते आहे, ड्रायव्हरला फळ्यांच्या दोन पेट्या दिल्या आहेत. बघायला ओंगळ आहेत हे मला ठाऊक आहे. मान लाल, उघडी, कुणी अर्धी सोलून मध्येच सोडून दिल्यासारखी. पण उन्हात त्याच टिकतात आणि अंडीही देतात. जाळी मांडवावरून काढा. जर्दाळू चादरीवर वाळतात, आई चादरीवरच वाळवायची. तबकं पाण्यासाठीच आहेत.

त्याच पेट्यांबरोबर मेजावरचा पंखा पाठवते. हा तुमच्यासाठी आहे. पश्चिमेच्या खोलीत पत्र्याखाली झोपता ते बंद करा. चिल्ल्यात ती खोली म्हणजे तंदूर होते.

सनोबर

*

ओक्कमार, १३ जून

सनोबर,

तुझ्या सुंदऱ्या पोचल्या. ड्रायव्हरने पेट्या उतरवल्या, झाकण उघडलं आणि म्हणाला, 'बाबा, या वाटेत आजारी पडल्या, मला दोष देऊ नका.' मी म्हटलं, आजारी नाहीत, शिकलेल्या आहेत, राजधानीहून आल्यात. उगुलोय आपा बघायला आली आणि तोंडावर पदर धरून परत गेली. तिची सून पोटुशी आहे, म्हणते, तिच्या नजरेस पडायला नकोत. मला आता अंगणाच्या त्या बाजूला रजई टांगून आडोसा करावा लागला. हे तुझं शास्त्र.

बूटवाल्यांचा सौदा केला. मनावर दगड ठेवून केला. झुंजीचे कोंबडे पाळणाऱ्या एका माणसाने आठ घेतल्या आणि दाकांग या झुंजीच्या जातीचा एक नर आणि नऊ माद्या दिल्या. आता तू ओरडशील म्हणून आधीच सांगतो. दाकांगाकडे नीट बघ. अंगाला पिसं चिकटून, पाय लांब, छातीवर नुसतं लाल कातडं. याचे बापजादे याच मातीत, याच उन्हात वाढले. अफगाणी वारा सुटतो तेव्हा माणसं घरात पळतात आणि हा भिंतीवर चढून त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. हे कुठल्या प्रयोगशाळेत बघितलंस?

झुंजीला लावणार नाही. तुझ्या आईची शपथ. पण सकाळी माणसं चहा पिता पिता त्याच्याकडे बघतात, तेवढ्याने काय होतं?

बूटवाल्यांपैकी दोघी ठेवल्या. त्या मला ओळखायला लागल्या होत्या. सगळ्या मिळून वीस.

पंखा आला. गार वारा देतो. जाळी काढली. चिमण्या द्राक्षं खातायत.

तुझा बाप

*

ताश्कंद, २१ जून

बाबा,

दाकांगाबद्दल मी ओरडणार नाही. चरफडत का होईना, कबूल करते: उन्हापुरतं तुमचं बरोबर आहे. अंड्यांचं मात्र विसरा. त्या माद्या महिन्याकाठी चार अंडी देतील, तीही उपकार केल्यासारखी. आणि त्या दोन बूटवाल्या! वीसमध्ये दोन मरणारच आहेत असं धरून चालते. ओळखायला लागल्या होत्या म्हणे. आम्ही तुम्हाला इतकी वर्षं ओळखतो, आमच्यासाठी कधी एक शब्द मागे घेतलात?

चिल्ला आठवड्यावर आला. हे भिंतीला चिकटवून ठेवा. उजाडायच्या आत दाणे, उन्हं उतरल्यावर दाणे, मध्ये फक्त पाणी आणि टरबुजाच्या साली. पाणी दर दोन तासांनी बदला; गरम पाणी कोंबडी पीत नाही. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले तर समजा की तिला ऊन लागलंय. तिचे पाय पाण्यात बुडवा. बरोबर दोन पुड्या पाठवते. मोठी पुडी कोंबड्यांच्या पाण्यात टाकायची. छोटी तुमच्यासाठी, रोज चमचाभर पियाल्यात. घाम येतो तेव्हा अंगातलं मीठ जातं, म्हणून.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. मागच्या दोन पत्रांत टोपीपलीकडे स्वतःबद्दल काही लिहिलेलं नाहीत. जेवता काय? झोपता कुठे? पंखा लावता का? रक्तदाबाची गोळी घेता का? मला कोंबड्यांचं पुराण नको, तुमचं सांगा.

सनोबर

*

ओक्कमार, ५ जुलै

सनोबर,

प्रश्नांची उत्तरं. जेवतो. झोपतो. पंखा दिवसभर चालू असतो, रात्रीही. गोळी आहे.

चिल्ला या वर्षी खुन्नस धरून आलाय. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेबरोबर उचलून येतं. काल अफगाणी वारा आला, ताटात नान ठेवला तर त्याच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. पलीकडच्या आळीत रोज कुणाच्या ना कुणाच्या कोंबड्या मरतायत. आपल्याकडे वीसच्या वीस. वीस, सनोबर! बोडक्यांनी अंडी धरली आहेत.

झोपण्याचं म्हणालीस तर मेहमानखाना उघडला. त्याच्या भिंती हातभर जाड आहेत, खिडक्या उत्तरेला. ओली गोणपाटं खिडक्यांवर टाकतो, पंखा समोर ठेवतो. आत गेलं की थेट वसंत. तुझी आई ती खोली पाहुण्यांसाठी राखून राखून गेली, आणि पाहुणे वर्षातून दोनदा. म्हटलं, एवढा गारवा कुलपात कशाला ठेवायचा?

दोन्ही पुड्या संपल्या. गुण आला. आणखी पाठव.

तुझा बाप

*

ताश्कंद, १३ जुलै

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. दावरोनला वाटलं कुणी गेलं. म्हटलं, कुणी गेलं नाही, बाबांनी मेहमानखाना उघडला.

तुम्हाला कळणार नाही. लहानपणी तापाने फणफणलेली असतानासुद्धा आईने मला त्या खोलीत झोपू दिलं नव्हतं, पाहुणे आले तर काय म्हणून. आणि तुम्ही, कधी कुणाचं न ऐकणारे, त्या गादीवर पंख्यासमोर आडवे पडलेले माझ्या डोळ्यांसमोर येता. रोज प्रयोगशाळेत काम करताना मी तेच चित्र बघते आणि माझी चिडचिड कमी होते.

पुड्या इतक्या लवकर कशा संपल्या? छोटी महिनाभराची होती. चमचाभर म्हणाले होते, मूठभर नाही. असो. दुप्पट पाठवते.

खरं सांगू? मला वाटतं मी हरणार. आणि हरले तरी या वेळी मला राग येणार नाही.

सनोबर

*

ओक्कमार, २५ जुलै

सनोबर पोरी,

मी उगुलोय, शेजारीण. हे पत्र रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. मी लिहिलंय ते त्याला सांगू नकोस, नाही तर म्हातारा माझ्या दारात पाय ठेवणार नाही. ठेवण्याजोगे त्याचे पाय राहिले तर.

अगं, तुझा बाप पडला. काल भर दुपारी कालव्यावरून दोन बादल्या घेऊन येत होता, आमच्या फाटकापाशी धाडकन खाली. अंग तापलेल्या तव्यासारखं. घाम नाही, काही नाही, डोळे पांढरे. माझ्या मुलाने ट्रॅक्टरवर घालून शेरोबोदच्या दवाखान्यात नेलं. जिवंत आहे. बाटली लावलीय. शुद्धीवर आला तसा पहिला शब्द काय बोलला ठाऊक आहे? 'गोणपाटं वाळली असतील.'

मी विचारलं, कसली गोणपाटं रे बाबा? मग त्याच्या घरी गेले आणि मेहमानखान्याचं दार उघडलं. तोबा तोबा! तुझ्या आईच्या मेहमानखान्यात कोंबड्या! गालिचे गुंडाळून ठेवलेत, एवढी अक्कल होती; जमिनीवर लव्हाळ्याची चटई आणि भुसा. पंखा लावलेला. तो झुंजीचा दांडगट कोनाड्यातल्या रजयांच्या चळतीवर जाऊन बसलाय, जसा काही नवरदेवाचा बाप. आणि तुझा बाप कुठे राहतो? पत्र्याच्या खोलीत. दिवसभर बादल्या वाहतो, खिडक्यांवरची गोणपाटं भिजवतो. मागल्या आठवड्यात मशिदीतली चार माणसं भेटायला आली, त्यांना उन्हात अंगणात बसवलं, म्हणाला आत पाहुणे आहेत. सगळं गाव विचारत होतं, कोण पाहुणे आलेत मिराबाकडे, कुणालाच कसे दिसत नाहीत.

मी चार शब्द सुनावले असते, पण बाटली लावलेल्या माणसाला काय बोलणार. तू ये. आणि तू बोल. तुला बोलायला जमतं.

उगुलोय आपा

*

ओक्कमार, २८ जुलै

बाबा,

दवाखान्यात मला आत सोडत नाहीत. डबा घेतात आणि डब्याबरोबर चिठ्ठी. म्हणून ही चिठ्ठी. डब्यात शोरबा आहे. आधी प्या, मग वाचा, कारण वाचल्यावर पिववणार नाही.

मी मेहमानखान्यात बसून लिहिते आहे. समोर तुमचा झुंजीचा कोंबडा आहे. तो माझ्याकडे असा बघतोय जसं काही मीच त्याच्या घरात घुसले. आईच्या लग्नातल्या निळ्या रजईवर त्याची घाण आहे. एक बूटवाली पंख्यासमोर डोळे मिटून बसलीय, पिसं वाऱ्यावर उडतायत. ज्या चित्रात मी रोज तुम्हाला आडवं पडलेलं बघत होते, त्या चित्रात ही होती.

तुम्ही मला खोटं एक अक्षर लिहिलं नाहीत. मी सगळी पत्रं पुन्हा वाचली. पंखा दिवसभर चालू असतो. मेहमानखाना उघडला. गुण आला. सगळं खरं! एवढ्या वर्षांत फावड्यांची भांडणं याच कावेबाजपणाने मिटवलीत ना? छोट्या पुडीचा रिकामा कागद मला कोंबड्यांच्या तबकाशेजारी सापडला. गोळ्यांचं पाकीट कपाटात आहे, भरलेलं. गोळी आहे!

मोजल्या. वीस. पंखसुद्धा कुणाचा वाकडा नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या अंगणात, सगळं शास्त्र वापरून, या महिन्यात सात मेल्या. तुमच्याकडे एकही नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस सत्तरी ओलांडून भर दुपारी रस्त्यावर पडला.

शर्त घालताना मीच मूर्खपणा केला. मला वाटलं, कोंबड्यांकडे बघायला लागलात तर वेळेवर उठाल, सावलीत बसाल, पाणी भराल, पाणी प्याल. माझ्या डोक्यात हिशोब असा होता की तुम्ही कोंबड्या जगवाल आणि कोंबड्या तुम्हाला जगवतील. मी कोंबड्या मोजायच्या ठरवल्या, तुम्हाला मोजायचं राहून गेलं. आणि तुम्ही, सुंभ जळला तरी पीळ न जाणारे, ते अक्षरशः धरून बसलात.

पुरे झालं. रविवारच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. कोंबड्या उगुलोय आपा घेतील, बोडक्यांसकट. घराला कुलूप. शर्त तुम्ही जिंकलात की हरलात यावर मला एक शब्द ऐकायचा नाही. मला बाप जिवंत हवा आहे.

डबा रिकामा पाठवा.

सनोबर

*

दवाखाना, २९ जुलै

सनोबर,

शोरबा प्यायलो. मीठ कमी होतं. परिचारिकेकडून कागद मागून घेतला आहे, अक्षर वाकडं येतं, हाताला सुई आहे.

तू म्हणतेस ते सगळं खरं. एक सांगतो आणि मग बोलत नाही.

कोंबड्या मी ठरवून आत नेल्या नाहीत. चिल्ल्याच्या तिसऱ्या दिवशी एक बूटवाली पंख पसरून तुतीखाली पडली. चोच उघडी, तू लिहिलंस तशीच. पाय पाण्यात बुडवले, काही होईना. तिला घेऊन घरभर फिरलो, एकच खोली गार होती. तासाभरात उठून बसली. तेव्हा वाटलं, दुसरी का मरावी? मग बोडक्या. दाकांग स्वतःच चालत आला. एकदा आत आल्या की त्यांना बाहेर कसं काढणार? आणि वीस प्राण्यांत माझी गादी घालायला जागा उरली नाही. थोडा वेळ वाटलं, तुला कळवावं. मग वाटलं, कळवलं तर तू येशील, आणि तिकिटं दोन काढशील.

मला राहायचं होतं, पोरी. घराची भिंत गार आहे म्हणून नाही. तुझ्याकडे काही कमी आहे म्हणूनही नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे महिनाभर होतो. पहिला पियाला मला. खिडकीजवळची गादी मला. दावरोन माझ्यासमोर पाय पसरत नाही, मुलं माझ्यासाठी टीव्ही बंद करतात, तू कामावरून दमून येतेस आणि आधी विचारतेस, बाबा, काही हवं का? महिनाभरात मला कुणी एक काम सांगितलं नाही. कुणी भांडलंही नाही. तू कागदावर माझ्याशी जशी भांडतेस, तशी तुझ्या घरात एकदाही भांडली नाहीस. रोज सकाळी उठून मी दाराकडे बघायचो.

आपल्यात म्हणतात, पाहुणा बापापेक्षा मोठा. खरं आहे ते. पण मला ती बढती नको, सनोबर. मला बापच राहू दे.

तू म्हणशील तसं. डबा रिकामा आहे, मात्र धुतलेला नाही, इथं पाणी नाही.

तुझा बाप

*

ओक्कमार, ३१ जुलै

बाबा,

तुमची चिठ्ठी आपांनी वाचून दाखवायला सांगितली. मी म्हटलं, घशात धूळ गेलीय.

तिकिटं परत केली. बस कंपनीच्या माणसाने कारण विचारलं. सांगितलं, म्हातारा हट्टी आहे.

कान उघडे ठेवून ऐका, कारण आता मी पाहुण्याशी बोलत नाहीये. मेहमानखाना झाडला, पुसला, धुरी दिली. निळी रजई धुतली, डाग पूर्ण गेला नाही, जाणारही नाही, तीच तुम्ही अंगावर घ्यायची. पंखा तुमच्या उशाशी. पत्र्याच्या खोलीला कुलूप घातलंय आणि किल्ली आपांकडे आहे. रोज संध्याकाळी त्या येऊन गोळीचं पाकीट बघणार; त्या शेजारणींना काय काय सांगतील ते सांगोत. मी ऑगस्टअखेरपर्यंत इथेच आहे. द्राक्षांवर जाळी घालायची आहे, कालव्याकडची भिंत लिंपायची आहे, उठून चालता यायला लागलं की कामं तुम्हालाच सांगणार, आणि चुकलात तर भांडणार.

कोंबड्या बाहेर काढल्या. तुतीखाली जाळी, ओली गोणपाटं, पाणी दर दोन तासांनी, सगळं केलं. तरी आज दुपारी तीन मेल्या. दोन बूटवाल्या आणि एक बोडकी. त्यांना भिंतीमागे पुरलं तेव्हा मला रडू आलं, आणि हायसंही वाटलं. उरलेल्या राहतील त्या राहतील. मी मोजणं सोडलं.

डॉक्टर म्हणाले उद्या सोडतो. ऊन चढायच्या आत न्यायला येते. टोपी घालून तयार राहा. घरी जायचंय.

सनोबर